क्वेबेकच्या लोअर नॉर्थ शोअरवर अँग्लिकन पाळक म्हणून रुजू होताना

कॅनडातल्या सेंट लॉरेन्स आखाताचा हा उत्तर किनारा. पश्चिमेला केगास्का, पूर्वेला लॅब्राडोरच्या सीमेवरचं ब्लाँ-साब्लाँ, मध्ये साधारण चारशे किलोमीटर खडक, बेटं आणि पंधराएक गावं. क्वेबेक प्रांत फ्रेंच बोलतो, पण हॅरिंग्टन हार्बर, मटन बे, ला ताबातिएर, सेंट ऑगस्टिन, ओल्ड फोर्ट, सेंट पॉल्स रिव्हर ही गावं इंग्रजी बोलणाऱ्या कोळ्यांची आहेत. अँग्लिकन मंडळ्या मुख्यतः अशाच गावांत आढळतात. त्या क्वेबेक धर्मप्रांताच्या बिशपांच्या हाताखाली येतात. त्यांचं कॅथेड्रल क्वेबेक शहरात आहे, म्हणजे फार दूर.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे १९७० साली झालेलं संयुक्त चर्च अँग्लिकन कम्युनियनचं, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या कुटुंबाचं, सदस्य आहे. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरकडे दीक्षा झालेल्या पाळकांची दीक्षा तिथे नव्याने होत नाही. बिशपांचा परवाना मात्र नवा लागतो. तिकडे जायचा विचार करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: एका पाळकाकडे अनेक गावं असतात आणि हवामान तुम्हाला बहुतेक रविवारी दुसरीकडेच अडकवून ठेवतं. म्हणून तुम्ही गावात नसतानाही तिथली उपासना चालू राहील अशी घडी बसवणं हे तुमचं पहिलं काम. प्रवचनाचा नंबर त्यानंतरचा.

१. कागदपत्रं

निघायच्या किमान सहा महिने आधी लागा.

- डिकन (पाळकाच्या आधीची पायरी) आणि पाळक अशा दोन्ही दीक्षांची प्रमाणपत्रं, मूळ आणि इंग्रजी भाषांतर
- तुमच्या सध्याच्या बिशपांचं पत्र: तुम्ही सेवेत आहात, तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, आणि ते तुम्हाला मोकळं करायला तयार आहेत
- ईश्वरविज्ञानाची पदवी आणि गुणपत्रिका
- पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र. मुलं आणि वृद्धांमध्ये काम करणाऱ्यांसाठी चर्चची वेगळी तपासणी आणि प्रशिक्षण असतं, ते निराळं
- धर्मप्रांताचं नेमणूकपत्र: पद, मुदत, मानधन, घर, प्रवासखर्च, सगळं आकड्यांत
- सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर मान्यताप्राप्त डॉक्टरकडची वैद्यकीय तपासणी
- जन्मदाखला, विवाह दाखला, मुलांचे शाळेचे कागद

उपासना चालवणं, उपदेश करणं आणि आत्मिक समुपदेशन हेच मुख्य काम असलेल्या पाळकाला कॅनडाच्या नियमांत वर्क परमिटशिवाय काम करता येतं. व्हिसा तरीही लागतोच. हा नियम वाचून लोक खूश होतात आणि फसतात ते पुढच्या टप्प्यावर. सिन नंबर (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), प्रांताचा आरोग्य विमा आणि वाहन परवाना या तिन्ही ठिकाणी तुमच्या मुक्कामाच्या कागदाचा प्रकार आणि मुदत बघतात. म्हणून धर्मप्रांताच्या कार्यालयाला आधीच विचारा, आमच्या बाबतीत परमिट काढणं सोयीचं पडेल का. क्वेबेकचा आरोग्य विमा सुरू व्हायला तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेवढ्या काळाचा खासगी विमा इथूनच घेऊन जा. त्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, तेवढं एक कलम नीट वाचा. गावात नर्सचा दवाखाना असतो, हॉस्पिटल ब्लाँ-साब्लाँला.

२. होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

गोड बोलण्यात हे प्रश्न राहून जातात. माझ्याकडे नेमकी किती गावं? त्यांतल्या किती गावांत परवानाधारक लेरीडर (पाळक नसताना उपासना चालवणारे मंडळीतलेच सभासद) आहेत आणि त्यांचं वय काय? पाळकघर कोणत्या गावात, त्याचं हीटिंग तेलावर की विजेवर, आणि बिल कोण भरतं? बोट आणि स्नोमोबाइल मंडळीची आहे की मी घ्यायची? विमानाचं तिकीट कोणत्या खात्यातून? जोडीदाराला नोकरीची शक्यता आहे का? शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर बहुधा ‘शाळा, दवाखाना किंवा मासळीचा कारखाना’ एवढंच असतं. ते आधी कळलेलं बरं.

३. वाहतूक: चार ऋतू, चार उत्तरं

राज्य मार्ग १३८ पश्चिमेकडून २०१३ सालापासून केगास्कापर्यंत येतो आणि तिथे संपतो. पूर्वेला ओल्ड फोर्टला पुन्हा सुरू होतो आणि ब्लाँ-साब्लाँमार्गे लॅब्राडोरला जोडला जातो. मधल्या गावांना रस्ता नाही.

उन्हाळ्यात आणि शरदात ‘बेला देगान्ये’ हे मालवाहू-प्रवासी जहाज आठवड्यातून एकदा रिमुस्कीहून निघून गावोगाव थांबत ब्लाँ-साब्लाँपर्यंत जातं आणि त्याच वाटेने परततं. साधारण एप्रिल ते जानेवारी. याचा पाळकाला उपयोग असा की पूर्वेकडे जाताना एका गावात उतरायचं आणि जहाज परत येताना चढायचं. मध्ये दोनतीन दिवस मिळतात. ते दिवस रविवारी येतीलच असं नाही. तेव्हा गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन ठेवायला लाजू नका. वाऱ्यामुळे वेळापत्रक सरकतं आणि जहाज पहाटे दोनलाही धक्क्याला लागतं, म्हणून उतरवून घ्यायला कोण येणार हे नावानिशी ठरवून ठेवा.

लहान बोटीने एका गावातून दुसऱ्या गावात जायचं असेल तर तुमचा उत्साह बाजूला ठेवा आणि बोटवाल्याचं ऐका. कॅनडाच्या सागरी हवामान अंदाजात २० ते ३३ नॉट वाऱ्याला जोरदार वाऱ्याचा इशारा असतो, ३४ ते ४७ ला गेलचा, म्हणजे त्याहून जोराच्या वाऱ्याचा, ४८ पासून पुढे वादळाचा. पहिला इशारा लागला तरी छोट्या बोटीचा बेत रद्द. गावातला माणूस ‘नको’ म्हणाला की कारण विचारत बसू नका. प्रत्येकाच्या अंगात लाइफजॅकेट, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ चालू, आणि निघताना व पोचल्यावर एकाच ठरलेल्या व्यक्तीला फोन. स्वतः बोट चालवणार असाल तर चालकाचं कार्ड आधी काढा.

हिवाळ्यात ‘रूट ब्लांश’ म्हणजे पांढरा मार्ग. बर्फावरून खुणा लावून आखलेली स्नोमोबाइलची वाट, मध्ये मध्ये निवाऱ्याच्या झोपड्या. बर्फ धरेल तसा तो जानेवारीच्या आसपास उघडतो आणि वसंतात बंद होतो. ऊबदार हिवाळ्यात काही टप्पे उघडतच नाहीत. त्यामुळे या मार्गाच्या भरवशावर उपवासकाळाचं वेळापत्रक छापू नका, पेन्सिलीने लिहा.

सर्वांत वाईट काळ बर्फ धरताना आणि वितळताना. बोट चालत नाही, स्नोमोबाइल चालत नाही. हॅरिंग्टन हार्बर बेटावर आहे आणि त्याचा विमानतळ समोरच्या चेव्हरीला. अशा दिवसांत मधलं पाणी हेलिकॉप्टरनेच ओलांडता येतं. या आठवड्यांत लग्न, बिशपभेट, दृढीकरण यांतलं काहीही ठेवू नका.

४. स्नोमोबाइल: नवखे नेमके इथे चुकतात

सर्वांत जास्त वेळा तुटतो तो ड्राइव्ह बेल्ट. सीटखाली एक जादा बेल्ट, दोन स्पार्क प्लग आणि पाने कायम हवेत. बेल्ट बदलायची सवय शेडमध्ये, हातमोजे घालून करा. उणे वीसमध्ये उघड्या बोटांनी हे काम दोन मिनिटंही जमत नाही. दुसरी अडचण इंजिन तापण्याची. थंडीत तापतं कसं, असं वाटेल. बऱ्याच गाड्यांचं कूलिंग पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर चालतं. नुसत्या गुळगुळीत, कडक बर्फावरून गेलात की भुसभुशीत बर्फ उडत नाही, शीतक तापतो आणि पट्टा जिच्यावरून सरकतो ती प्लास्टिकची पट्टी वितळते. उपाय: बर्फ खरवडणारे तारेचे काटे लावून घ्या, आणि अधूनमधून कडेच्या मऊ बर्फातून गाडी न्या.

बर्फाची जाडी स्नोमोबाइलसाठी किमान २५ सेंटिमीटर धरतात, तीही गोड्या पाण्याच्या स्वच्छ बर्फाची. समुद्राचा खारा बर्फ तेवढ्याच जाडीला कमी ताकदीचा. दोन बेटांमधल्या चिंचोळ्या खाडीला इथले लोक ‘टिकल’ म्हणतात. तिथे खालून प्रवाह वाहतो आणि आजूबाजूला ट्रक उभा राहील इतका बर्फ असला तरी टिकलमध्ये तो पातळच राहतो. खुणांची वाट टिकलला वळसा घालून जाते ती उगाच नाही. ‘जवळचा रस्ता’ म्हणून सरळ जाऊ नका.

मागे जोडलेल्या कोमाटिकवर, म्हणजे लाकडी घसरगाडीवर: २० लिटर पेट्रोल, झोपायची पिशवी, कुऱ्हाड, काडेपेटी पाणबंद डब्यात, दोरी, सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र. झगा आणि स्टोल पाणबंद पिशवीत. प्रभुभोजनाची लहान पेटी मात्र जॅकेटच्या आत, अंगाशी. नाहीतर पोचेपर्यंत द्राक्षारसाचा गोळा झालेला असतो.

५. शेवटच्या जहाजाआधीची खरेदी

नाताळ, राखेचा बुधवार, झावळ्यांचा रविवार आणि ईस्टर या सगळ्यांचं सामान शरदातच मागवायचं. विमानाने मागवता येतं, पण भाडं मालाहून जास्त पडतं आणि धुकं असलं की पार्सल तिथेच राहतं.

प्रभुभोजनाच्या भाकरीच्या वेफर्सचा हिशोब असा करा. समजा एका गावात सरासरी १४ माणसं, आणि तुमच्या दोन भेटींमध्ये पाच रविवार. म्हणजे तुम्ही नसताना लेरीडरने वाटायला ७०, शिवाय घरी पडून असलेल्यांसाठी १०. एका भेटीत तुमच्या स्वतःच्या उपासनेचे १४ धरून ९४ वेफर्स अभिमंत्रित करावे लागतील. गावांच्या संख्येने गुणा आणि हिवाळ्यातल्या भेटींच्या संख्येने गुणा. हजाराची पाकिटं का लागतात ते कळेल. हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर समुद्राच्या दमट हवेत मऊ पडतात.

१२ टक्के अल्कोहोलचा द्राक्षारस उणे पाच-सहाच्या आसपास गोठतो आणि बाटली फोडतो. न तापवलेल्या चर्चच्या कपाटात ठेवू नका. लेरीडरच्या घरी ठेवा. जास्त अल्कोहोलचा, पोर्टसारखा द्राक्षारस थोडी अधिक थंडी सोसतो आणि बाटली उघडल्यावर टिकतोही जास्त, म्हणून बरेच जण तोच वापरतात. आगमनकाळाच्या मेणबत्त्या, पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती, रोग्यांसाठीचं तेल (थंडीत दाट होतं, खिशात ऊब द्या) हेही यादीत हवं. झावळ्या पोचल्या नाहीत तर आजूबाजूच्या स्प्रूसच्या फांद्या चालतात. आदल्या वर्षीच्या झावळ्या जपून ठेवल्या असतील तर त्या जाळून राखेच्या बुधवारच्या राखेची सोय घरचीच.

घरासाठी पीठ, तांदूळ, डाळ, तेल पोत्याने आणि डब्याने. मसाले आपले आपण न्या; गावच्या दुकानात जिरं-मोहरीची अपेक्षा ठेवू नका. मोठा डीप फ्रीझर हवाच, कारण लोक तुम्हाला मासे, मूस हरणाचं मांस आणि ऑगस्टमधली बेकअ‍ॅपल नावाची पिवळी बोरं आणून देतात आणि ती नाकारायची नसतात.

६. वर्षाची आखणी मासेमारीवर

कोकणात पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात; इथे ते काम हिवाळ्याचं. वसंतात आधी बर्फखेकडा, मग लॉबस्टरचे पिंजरे पाण्यात जातात आणि जुलैपर्यंत गाव पहाटे तीन-चारला उठतं. या दिवसांत संध्याकाळची सभा ठेवली तर बाकांवर तीन माणसं, त्यांतली दोन झोपलेली. होड्यांना आशीर्वाद देण्याची उपासना हंगाम उघडण्याच्या आधीच्या दिवसांत, धक्क्यावर, वीस मिनिटांत आटपा. स्तोत्र १०७ मधला समुद्रावर जाणाऱ्यांचा भाग वाचा. बुडालेल्यांची नावं वाचायची पद्धत असेल तर यादी गावातल्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्या. एक नाव राहिलं तर ते घर वर्षानुवर्षं विसरत नाही.

कॉडबद्दल बोलताना जपून. १९९२ सालची प्रसिद्ध बंदी न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरच्या पूर्वेकडच्या कॉडची होती. या आखाताच्या उत्तर भागातल्या कॉडवर बंदी आली ती १९९४ मध्ये. ती उठली, २००३ मध्ये पुन्हा आली, पुन्हा उठली, आणि २०२२ मध्ये मासेमारी परत बंद झाली. प्रवचनात ‘९२ची बंदी’ म्हणालात की मागच्या बाकावरचा म्हातारा मान हलवेल, आणि पुढचं काही ऐकणार नाही.

नाताळनंतरच्या बारा दिवसांत तोंडं झाकून, भलते कपडे घालून घरोघरी फिरणारी मंडळी तुमच्या दाराशी आली तर घाबरू नका. ओळखायचा प्रयत्न करा, खायला द्या.

आणखी एक बारीक गोष्ट घड्याळाची. नताश्क्वान नदीच्या पूर्वेला वर्षभर अटलांटिक प्रमाणवेळ चालते. हिवाळ्यात क्वेबेक शहरापेक्षा एक तास पुढे, उन्हाळ्यात सारखी. धर्मप्रांताच्या ऑनलाइन बैठकीला लोक यावरूनच चुकतात.

७. लेरीडर: खरी मंडळी यांच्यावर उभी आहे

बहुतेक गावांत सकाळची प्रार्थना चालवणारी एखादी बाई किंवा निवृत्त कोळी असतो. त्यांना बिशपांचा परवाना असतो, आणि आतापर्यंत आलेल्या-गेलेल्या सगळ्या पाळकांच्या सवयी त्यांना पाठ असतात. पोचल्यावर पहिली भेट यांची. वर्षभर काहीच बदलू नका, अगदी वेदीवरची फुलदाणीसुद्धा.

तुम्ही नसताना अभिमंत्रित भाकर वाटण्याची परवानगी बिशप देऊ शकतात. ती लेखी घ्या आणि तिची प्रत चर्चमध्ये ठेवा. साठवलेली भाकर कुलपात, डब्यावर तारीख. द्राक्षारस साठवू नका, टिकत नाही. प्रवचनं सहा आठवड्यांची छापून द्या. इंटरनेटवरून पाठवीन म्हणाल आणि नेमकं शनिवारी नेट जाईल. छापताना अक्षर १६ पॉइंटच्या खाली नको.

कोणतं प्रार्थना पुस्तक हा प्रश्न येतोच. कॅनडात १९६२ सालचं बुक ऑफ कॉमन प्रेयर आणि १९८५ सालचं आधुनिक भाषेतलं बुक ऑफ ऑल्टरनेटिव्ह सर्व्हिसेस, दोन्ही चालतात. एकाच किनाऱ्यावर एका गावाला हे, दुसऱ्याला ते. तुमच्या आवडीला इथे जागा नाही. बाकावर जे पुस्तक झिजलेलं दिसेल तेच उघडा.

८. थंडगार चर्च

लाकडी इमारत, खडकावर उभी, आठवडाभर बंद. शनिवारी संध्याकाळीच हीटिंग सुरू करायला कोणाला तरी सांगून ठेवा. रविवारी सकाळी सुरू केलं तर उपासना संपताना भिंती तापू लागतात. नळ असतील तर शरदात पाणी पूर्ण काढून टाका. बाप्तिस्मापात्रात पाणी ठेवू नका, गोठून दगडाला चीर जाते. बाप्तिस्म्यासाठी कोमट पाणी थर्मासमधून आणा; बाळाची आई दुवा देईल. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, छप्पर आणि घंटेचा मनोरा खालून दुर्बिणीने पाहा. खारा वारा खिळे खातो.

९. लग्न, दाखले, दफन

क्वेबेकमध्ये लग्न लावायला बिशपांचा परवाना पुरत नाही, प्रांताकडूनही अधिकार मिळावा लागतो. त्याचा अर्ज पोचल्या आठवड्यात करा. लग्नाची सूचना ठरल्या तारखेच्या किमान २० दिवस आधी नागरी नोंदणी संचालकांमार्फत प्रसिद्ध व्हावी लागते. दोन साक्षीदार लागतात, आणि लग्नानंतर विवाहाची घोषणा त्याच कार्यालयाला पाठवायची जबाबदारी तुमची. बरीच कागदपत्रं फ्रेंचमध्ये येतात.

१९९४ च्या आधी या प्रांतात चर्चची नोंदवही हीच सरकारी जन्म-विवाह-मृत्यूची नोंद असे. त्यामुळे म्हातारी माणसं पासपोर्टसाठी तुमच्याकडे दाखला मागायला येतील. चर्चचा दाखला आता त्या कामाला चालत नाही. नोंदणी कार्यालयातून घ्यायला सांगा आणि अर्ज भरायला मदत करा.

दफनाचं सर्वांत अवघड. जमीन गोठली की कबर खणता येत नाही, आणि खडकाळ बेटावर उन्हाळ्यातही माती थोडीच. त्यामुळे हिवाळ्यात अंत्यविधी चर्चमध्ये होतो, शवपेटी थंड खोलीत ठेवली जाते आणि प्रत्यक्ष दफन वसंतात. कुटुंबाला दोनदा दुःख करावं लागतं हे लक्षात ठेवा. वसंतातल्या दफनाला ‘उरलेलं काम’ समजून दहा मिनिटांत उरकू नका. त्या दिवशी गावातच मुक्काम करा. हॅरिंग्टन हार्बरला रस्ते नाहीत, लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत. तेव्हा शवपेटी कशावरून न्यायची, कोण धरणार, वळणावर ती मावते का, हे आदल्या दिवशी चालून पाहा.

१०. घरोघरी

बूट दाराशी काढा, थेट स्वयंपाकघरात जा, चहा घ्या. बैठकीच्या खोलीत बसवलं तर समजा अजून पाहुणे आहात. गावात सगळे एकमेकांचे नातलग, त्यामुळे एका घरचं दुसऱ्या घरी, कौतुकानेसुद्धा, सांगू नका. कोणाच्या घरासमोर तुमची स्नोमोबाइल किती वेळ उभी होती हे सगळ्यांना माहीत असतं. तेव्हा गंभीर बोलणं असलेल्याला चर्चमध्ये किंवा धक्क्यावर भेटा, जिथे दोघं उभी दिसली तरी कोणी तर्क करत नाही. ला रोमेन आणि पाकुआशिपीला इन्नू या मूलनिवासी लोकांच्या वस्त्या आहेत, बहुतांशी कॅथलिक. तिकडे जायचं तर त्यांच्या धर्मगुरूंना आणि वडीलधाऱ्यांना आधी कळवून.

११. पैसा

पाळकघरात राहणाऱ्याला प्राप्तिकरात घराची वजावट मिळते. केंद्राचा फॉर्म टी१२२३, आणि त्यावर धर्मप्रांताची सही लागते. क्वेबेकचा फॉर्म वेगळा. सही डिसेंबरच्या टपालाने मागवा, मार्चमध्ये आठवण झाली तर धुकं, सुट्ट्या आणि टपाल मिळून तारीख चुकवतात. प्रवासाच्या पावत्या ताबडतोब मोबाइलवर टिपा, कारण पेट्रोलपंपाच्या पावतीवरची शाई ओल्या खिशात एका दिवसात उडते. आणि मंडळीच्या नावाने घेतलेलं इंधन आणि स्वतःचं इंधन एकाच कॅनमध्ये भरू नका. वार्षिक सभेत पहिला प्रश्न तोच येतो.